अवेळी तापलेल्या दिवसांत स्थानिक हवामान अंदाज कसा वाचावा

थंडी नीट सरलेलीही नसते आणि पारा चढायला लागतो. अशा वेळी सगळ्यांची नजर उद्याच्या कमाल तापमानावर खिळते. प्रत्यक्षात नुकसान होतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच दोन कारणांनी: रात्रीचं किमान तापमान चुकीचं धरलेलं असतं, किंवा हा उष्मा मोडणार कधी आणि कसा, याकडे कुणी बघितलेलंच नसतं. म्हणून इथे कमाल आकड्याला लागेल तेवढीच जागा दिली आहे. भर या दोन गोष्टींवर आहे. एक वही, एक बरा थर्मामीटर, आर्द्रता दाखवणारं साधं उपकरण आणि अधिकृत अंदाज, एवढ्यावर काम भागतं.

अंदाजातला आकडा कुठे मोजलेला असतो

अंदाजातलं तापमान हे सावलीतल्या, खेळत्या हवेचं असतं. वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवतात. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ही पेटी मोकळ्या गवताळ जागेत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर असते. उत्तर गोलार्धात तिचं दार उत्तरेकडे उघडतं, म्हणजे आकडा वाचताना ऊन आत शिरत नाही. भिंतीला टेकवलेल्या, गाडीतल्या किंवा पत्र्याखालच्या थर्मामीटरशी या आकड्याची तुलना केली, तर अंदाज रोजच चुकल्यासारखा वाटणार. उन्हात तापलेलं डांबर हवेपेक्षा २० अंशांहूनही जास्त गरम होऊ शकतं, पण पेटीतला पारा फक्त हवेचं तापमान सांगतो.

‘सरासरीपेक्षा इतके अंश जास्त’ हे वाक्यही जरा थांबून वाचावं. ही सरासरी ३० वर्षांची असते. सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड धरतात. हिवाळा सरताना ही सरासरी स्वतःच आठवड्याला आठवड्याला वर सरकत असते. त्यामुळे तुलना त्या तारखेच्या सरासरीशी केली आहे की अख्ख्या महिन्याच्या, हे बघायला हवं. महिन्याच्या सरासरीशी तुलना केली तर महिन्याच्या सुरुवातीचा उष्मा आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो आणि शेवटच्या आठवड्यातला आहे त्यापेक्षा तीव्र.

इशाऱ्यांच्या बाबतीतही एक मोठी फट या दिवसांत राहते. भारत हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश झाल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होत नाही. त्यानंतर सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश जास्त असेल तर लाट, त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. म्हणजे मैदानी भागात पारा सरासरीपेक्षा ७ अंश चढून ३७ वर गेला, तरी पत्रकात ‘लाट’ हा शब्द येणार नाही. शरीराला मात्र त्या ३७ अंशांचा त्रास भर उन्हाळ्यातल्या ३७ पेक्षा जास्त होतो, कारण उष्म्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि ते अजून मिळालेले नसतात. इशारा नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बाहेर मेहनतीचं काम करणाऱ्यांनी, म्हाताऱ्या माणसांनी आणि लहान मुलांच्या घरच्यांनी या काळात ‘सरासरीपेक्षा किती जास्त’ हाच आकडा इशारा समजावा. ५ अंशांपुढे गेला की दुपारी १२ ते ४ मधली जड कामं सकाळवर ढकलायची.

अशा दिवसांत अंदाज एकाच बाजूला का चुकतो

अवेळी उष्म्यामागे बहुतेक वेळा जास्त दाबाचं एक क्षेत्र ठाण मांडून बसलेलं असतं. त्यात वरची हवा हळूहळू खाली उतरते. कोरडी हवा खाली येताना दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी तापते. ढग विरतात, आकाश निरभ्र राहतं. त्यातच जमीन कोरडी असेल तर प्रकरण आणखी वाढतं. ओल्या मातीत उन्हाची बरीचशी ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. माती सुकली की तीच ऊर्जा सरळ हवा तापवते. अंदाज काढणाऱ्या संगणकाच्या प्रारूपाने (हवेच्या गणिताच्या मॉडेलने) मातीत प्रत्यक्षापेक्षा जास्त ओल धरली, तर त्याचं कमाल तापमान कमी येतं.

दुसरं कारण आकडेशास्त्राचं आहे. प्रारूपातून निघालेला कच्चा आकडा बहुतेक ठिकाणी जुन्या नोंदींच्या आधाराने सुधारून मग लोकांपुढे येतो. जुन्या नोंदींत असे दिवस मोजकेच असतात, त्यामुळे ही सुधारणा आकड्याला नकळत सरासरीकडे ओढते. ४-५ दिवसांपुढच्या अंदाजात ही ओढ जास्तच दिसते. विक्रमी उष्म्याच्या सुरुवातीला अंदाज रोज एक-दोन अंश मागे राहताना दिसला, तर त्यामागे ही दोन कारणं असण्याची शक्यता मोठी आहे.

उलट बाजूची चूकही होते. वर पातळ ढगांची झालर आली, धुळीचा पडदा बसला किंवा समुद्राकडचा वारा लवकर सुटला, की दुपार अंदाजापेक्षा थंड जाते. हे वेगळं ओळखता आलं पाहिजे, म्हणून पुढची वही.

फोनवरच्या अ‍ॅपबद्दल एवढंच, की त्यातला ‘तुमच्या ठिकाणचा’ आकडा बहुतेक वेळा प्रारूपाच्या एका चौकटीचा असतो. आजची प्रमुख जागतिक प्रारूपं ९ ते १३ किलोमीटरच्या चौकटींवर चालतात. एवढ्या चौकटीत टेकडी, तळं आणि भर वस्ती सगळं एकत्र येतं. दशांशात दाखवलेला आकडा अचूक असेलच असं नाही. मूळ धरावा तो अधिकृत केंद्राचा अंदाज, आणि नेहमी एकाच केंद्राचा. रोज वेगळं अ‍ॅप बघितलं की चुकीचा कल कधीच सापडत नाही.

आपला थर्मामीटर आधी तपासा

स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर सहज एखादा अंश इकडे-तिकडे असतो. तपासणी सोपी आहे. एका भांड्यात बारीक कुटलेला बर्फ भरा आणि बर्फाच्या फटी भरतील एवढंच थंड पाणी घाला. बर्फ तरंगायला लागला तर पाणी जास्त झालं. थोडं ओतून टाका. सेन्सर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मधोमध बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. अधूनमधून ढवळत १५ मिनिटं थांबा. आकडा शून्य यायला हवा. ०.८ आला तर तुमचा थर्मामीटर ०.८ जास्त दाखवतो. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येक नोंदीतून वजा करा. ज्या उपकरणात आर्द्रतेचा सेन्सर सोबतच असतो ते असं बुडवू नका. ते तपासलेल्या थर्मामीटरशेजारी तासभर सावलीत ठेवून तुलना करा.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा: दिवसभर सावली, खेळती हवा, आणि जवळ गरम भिंत किंवा एसीचं बाहेरचं युनिट नाही. उंची दीड मीटरच्या आसपास. भिंत निदान दोन-तीन मीटर लांब असावी, कारण पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री नऊ-दहापर्यंत ती उष्णता बाहेर टाकत राहते.

अशी सावली नसेल तर आडोसा घरीच बनवता येतो. कुंडीखाली ठेवतात तशा सात-आठ पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा घ्या. वरच्या दोन सोडून बाकीच्यांच्या मधोमध सेन्सर मावेल एवढं भोक पाडा. सगळ्या पालथ्या ठेवून तीन लांब स्क्रूंवर ओवा आणि दोन बशांमध्ये दीड-दोन सेंटिमीटरची फट राहील असे नळीचे तुकडे घाला. सेन्सर मधल्या पोकळीत लोंबता ठेवा. नेहमीची चूक म्हणजे फट फार कमी ठेवणं. हवा कोंडली की आत भट्टी होते आणि निवांत दुपारी आकडा दोन-तीन अंशांनी फुगतो. वारा असतानाचा आणि वारा पडल्यावरचा आकडा लगेच एवढा बदलत असेल तर फट वाढवा.

सात दिवसांची वही

रोज चार गोष्टी लिहायच्या: आदल्या संध्याकाळी अंदाजात दिलेलं कमाल आणि किमान, आणि आपल्या जागी प्रत्यक्ष आलेलं कमाल आणि किमान. शेजारी एक-दोन शब्द: निरभ्र, ढग, धूळ, वारा कुठून. किमान तापमान सूर्योदयाच्या आसपास येतं आणि कमाल साधारण दुपारी २ ते ४ दरम्यान, तेव्हा कमाल-किमान जपून ठेवणारा थर्मामीटर असेल तर तो संध्याकाळी शून्यावर आणावा. सकाळी ऐन किमानाच्या वेळी तो शून्यावर आणला तर कालची थंडी आजच्या खात्यात जाते. ही चूक फार सर्रास होते.

समजा सात दिवसांत कमाल तापमानाचा फरक (प्रत्यक्ष वजा अंदाज) असा आला: १.५, २, १, २.५, १.५, −१, २. यांची सरासरी १.४ येते. पण उणे एकच्या दिवशी वहीत ‘ढग’ लिहिलेलं आहे. तो दिवस या मालिकेतला नाहीच. म्हणून सरासरीऐवजी आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचला: −१, १, १.५, १.५, २, २, २.५. मधला १.५. निरभ्र दिवसाच्या अंदाजात दीड अंश मिळवायचा, हा तुमच्या जागेचा हिशेब झाला. ढगाळ दिवसाला तो लावू नका. किमान तापमानाचा हिशेब पूर्णपणे वेगळा करा. कमाल नेहमी जास्त येणाऱ्या जागेवर किमान नेहमी कमी येत असेल, तर त्यात विसंगती काही नाही. उघड्या, कोरड्या, सखल जागेचं वागणंच तसं असतं.

सात दिवस थांबायला वेळ नसेल तर एक सोपी युक्ती आहे. अंदाजातला आकडा सोडा आणि अंदाजातला बदल घ्या. केंद्राने आजसाठी ३४ आणि उद्यासाठी ३६ म्हटलं असेल आणि तुमच्याकडे आज ३५.५ आले असतील, तर उद्यासाठी ३७.५ धरा. उष्मा टिकून आहे तोवर ही युक्ती सहसा नुसत्या आकड्यापेक्षा बरी ठरते. ज्या दिवशी वारा किंवा ढग बदलणार, त्या दिवशी ती हमखास फसते.

उंची, खोलगट जागा, पाणी

केंद्र आणि तुमची जागा यांच्या उंचीत फरक असेल तर निरभ्र, कोरड्या दुपारी दर १०० मीटरला जवळपास एक अंश धरा. पुस्तकातला ६.५ अंश प्रति किलोमीटर हा आकडा सर्वसाधारण हवेचा आहे. तापलेल्या, चांगल्या मिसळलेल्या दुपारच्या हवेत उतार ९.८ च्या जवळ जातो.

रात्री हा हिशेब वापरू नका. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत सखल भागात साचते. अशा वेळी टेकडीवर १६ अंश आणि पायथ्याच्या खोलगट भागात ११ असं उलटं चित्र दिसू शकतं. बांध, दाट कुंपण किंवा भिंत उताराला आडवी असेल तर तिच्या वरच्या बाजूला थंड हवा अडते. कोवळी रोपं नेमकी तिथेच लावलेली असतात, कारण दिवसा ती जागा उबदार आणि आडोशाची वाटते. शहरात बरोबर उलटं होतं: भिंती आणि रस्ते रात्रभर उष्णता सोडतात, त्यामुळे दाट वस्तीत किमान तापमान बाहेरच्या केंद्रापेक्षा काही अंश जास्तच राहतं. शहर आणि बाहेरचा परिसर यांतला फरक दिवसापेक्षा रात्री जास्त असतो.

किनाऱ्यावर कमाल तापमान ठरतं ते समुद्री वारा किती वाजता सुटतो यावर. वसंताच्या सुरुवातीला समुद्र अजून थंडच असतो, त्यामुळे वारा सुटला की पारा झटकन उतरतो. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा सकाळी जोरात असेल तर समुद्री वारा अडून राहतो आणि सकाळी ११ ला थांबायची वाढ दुपारी २ पर्यंत चालते. म्हणून किनाऱ्यावरच्यांनी अंदाजातलं तापमान बघण्याआधी सकाळच्या वाऱ्याची दिशा बघावी.

आर्द्रतेचे टक्के बाजूला ठेवा, दवबिंदू बघा

हा भाग नीट समजून घेतला तर बाकीचं बरंच सोपं होतं. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानापर्यंत हवा थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे अंदाजातले आर्द्रतेचे टक्के, तापमानाबरोबर बदलते, हवेतलं बाष्प तेवढंच असलं तरी. दवबिंदू १० अंश असलेली हवा पहाटे १६ अंशांवर ६८ टक्के आर्द्रता दाखवते आणि दुपारी ३४ अंशांवर तीच हवा २३ टक्के. हवा बदललेली नाही, बाष्प गेलेलं नाही. दवबिंदू मात्र दिवसभर जवळपास तोच राहतो, आणि तो बदलला तर खरोखर वेगळी हवा आली असं समजायचं.

दवबिंदूसाठी एक झटपट सूत्र सगळीकडे फिरतं: १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा, तेवढे अंश तापमानातून काढा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असताना ते चालतं. ३० अंश आणि ६० टक्क्यांना ते २२ सांगतं, खरा दवबिंदू २१.४ असतो. अवेळी उष्म्यातल्या कोरड्या दुपारी मात्र ते पार घसरतं. ३६ अंश आणि १५ टक्के आर्द्रता घ्या: सूत्र १९ अंश सांगतं, खरा दवबिंदू ५ च्या आसपास असतो. चौदा अंशांची चूक! म्हणून कोरड्या दिवशी अंदाजात किंवा केंद्राच्या ताज्या नोंदीत दिलेला दवबिंदूच घ्या, किंवा सूत्र वापरायचंच तर पहाटेच्या, जास्त आर्द्रतेच्या नोंदीवर वापरा.

याचा पहिला उपयोग रात्रीसाठी. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री पारा दवबिंदूच्या दिशेने उतरत जातो. दवबिंदू गाठला की दव पडायला लागतं, बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते आणि घसरण मंदावते. दवबिंदू १८ असेल तर रात्र १७-१८ च्या खाली सहसा जात नाही. दवबिंदू ५ असेल तर असा खालचा टेकू जवळपास नाहीच. पारा बराच खाली उतरू शकतो. अंदाजातलं किमान १५ असो, तुमच्या खोलगट जागी ११ होऊ शकतं. सूर्यास्ताला तापमान आणि दवबिंदू लिहा, आणि कालच्या रात्री सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत पारा किती उतरला तो आकडा घ्या. आकाश आणि वारा कालसारखेच असतील तर आजही जवळपास तेवढाच उतरेल. ढग आले किंवा वारा राहिला तर उतार बराच कमी होईल.

दुसरा उपयोग पाणी देण्यासाठी. झाडाच्या पानातून पाणी ओढून घेण्याची हवेची ताकद बाष्पदाबाच्या तुटीवर ठरते, म्हणजे हवा अजून किती बाष्प सामावू शकते यावर. दवबिंदू १० असताना २६ अंशांवर ही तूट सुमारे २.१ किलोपास्कल असते, ३४ अंशांवर ४.१. तापमान ८ अंश वाढलं आणि ओढ जवळपास दुप्पट झाली. पण म्हणून पाणी दुप्पट देऊ नका. तूट एवढी वाढली की बरीच झाडं पानांवरची रंध्रं मिटून घेतात. दुपारी पान मलूल दिसतं आणि माती मात्र ओली असते. चार बोटं खोल माती उकरून बघा. ओल असेल तर संध्याकाळी पान पुन्हा उभं राहतं का ते तपासा आणि राहिलं तर थांबा. पाणी द्यायचं झालं तर पहाटे. भरदुपारी मुळांभोवती पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि नुकसान उलट वाढतं.

किती दिवस पुढचं खरं मानायचं

१ ते ३ दिवसांचा तापमानाचा अंदाज कामं ठरवायला पुरेसा भरवशाचा असतो. ४ ते ७ दिवसांच्या अंदाजातून कल घ्या, आकडा नको. त्यापुढे ‘उष्ण राहण्याची शक्यता जास्त’ एवढंच वाचा.

एकच प्रारूप थोड्या थोड्या बदललेल्या सुरुवातीपासून अनेकदा चालवतात. युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या (ECMWF) संचात अशा ५० धावा आणि सुरुवात न बदललेली एक नियंत्रण धाव असते. या धावा एकमेकींजवळ असतील तर भरवसा जास्त. अवेळी उष्म्यात एक विशिष्ट चित्र वारंवार दिसतं: आलेखावर पहिले चार दिवस या धावांच्या सगळ्या रेषा एकत्र चालतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पंख्यासारख्या फुटतात. काही वरच राहतात, काही दहा-दहा अंश खाली येतात. तो फुटण्याचा दिवस म्हणजे उष्मा मोडण्याची शक्यता सुरू होण्याचा दिवस. अशा वेळी अंदाज जो एक आकडा दाखवतो तो या दोन्हींच्या मधला असतो, आणि नेमका तोच प्रत्यक्षात यायची शक्यता कमी असते. तयारी दोन्ही टोकांची करा. दोन दिवस लागोपाठ अंदाज बघून तो फुटण्याचा दिवस जवळ सरकतोय की लांब जातोय, हे वहीत लिहा.

उष्मा मोडतो तेव्हा

जागेवरून दिसणारी चिन्हं क्रमाने येतात. आधी उंचावरचे तंतुमय ढग, मग सूर्याभोवती खळं दाखवणारा पातळ पडदा, वाऱ्याची दिशा बदलणं आणि दाब उतरणं. दाब बघताना एक सापळा आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी ४ च्या सुमारास कमी, फरक २ ते ४ हेक्टोपास्कल. सकाळी १० चा दाब दुपारी ४ च्या दाबाशी ताडून बघितला तर रोजच वादळ येणार असं वाटेल. आजच्या ४ ची तुलना कालच्या ४ शीच करायची. त्यात सलग दोन दिवस घट दिसली तर ती खरी.

खाली तापलेली हवा आणि वर थंड हवेची लाट आली की गडगडाटी ढग उभे राहतात, आणि या ऋतूत गारपीट होते ती यातूनच. इथे पुन्हा दवबिंदू कामाला येतो. तापमान आणि दवबिंदू यांच्यातला फरक १२५ ने गुणला की ढगाच्या तळाची उंची मीटरमध्ये मिळते. ३४ अंश आणि दवबिंदू १८: फरक १६, तळ २,००० मीटरवर, अशा ढगातून पाऊस आणि गारा खालपर्यंत येऊ शकतात. ३६ अंश आणि दवबिंदू ५: फरक ३१, तळ जवळपास ३,९०० मीटरवर. या ढगातला पाऊस बहुतेक वाटेतच सुकतो, ढगाखाली झालरीसारखा लोंबताना दिसतो. सुकताना तो हवा थंड करतो, ती जड हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. थेंबही न पडता पत्रे उडतात, धुळीची भिंत येते. कोरड्या दिवशी झालर दिसली की जाळ्या, ताडपत्र्या आणि मांडव बांधून घ्या. पावसाची वाट बघू नका. गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.

सर्वांत जास्त जपायची रात्र ही वादळानंतरची दुसरी किंवा तिसरी. पाऊस संपतो, आकाश धुतल्यासारखं निरभ्र होतं, मागून कोरडी थंड हवा येते आणि वारा पडतो. त्यातच अवेळी उष्म्याने झाडं पुढे गेलेली असतात. उष्मांकाचा (इथे कॅलरी नव्हे, तर पिकाला रोज मिळणारी वाढीची उष्णता) हिशेब बघा: कमाल आणि किमान यांच्या सरासरीतून पिकाचं मूळ तापमान, म्हणजे ज्याखाली त्याची वाढ थांबते ते, वजा करायचं. मूळ ५ अंश धरलं, तर २८ आणि १२ च्या दिवशी १५ उष्मांक जमतात, ३४ आणि १६ च्या दिवशी २०. दहा दिवसांत ५० उष्मांक जास्त, म्हणजे झाड तीन दिवसांहून अधिक पुढे. कळ्या त्यांच्या वेळेआधी उघडलेल्या असतात आणि उघडलेलं फूल थंडीला बंद कळीपेक्षा फार नाजूक असतं.

उत्तर अमेरिकेत मार्च २०१२ मध्ये हेच घडलं. विक्रमी उष्म्याने फळझाडं लवकर फुलली, एप्रिलमध्ये पारा गोठणबिंदूखाली गेला आणि मिशिगनमधलं सफरचंदाचं जवळपास ९० टक्के पीक गेलं. फ्रान्समध्ये मार्च २०२१ च्या शेवटी उन्हाळ्यासारखे दिवस आले आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात द्राक्षमळे व फळबागा गोठल्या. भारतात २०२२ चा मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला. तिथे थंडी परतलीच नाही आणि गव्हाचे दाणे भरायच्या दिवसांतच उष्म्याने बारीक राहिले. म्हणजे उष्मा मोडला तर एक धोका, टिकला तर दुसरा.

थंड प्रदेशातल्या फळबागांसाठी आकडे असे: पूर्ण बहरातल्या सफरचंदाला सुमारे −२.२ अंशांवर अर्धा तास मिळाला तर १० टक्के फुलं मरतात, −३.९ वर ९० टक्के. हे तापमान फुलाजवळचं आहे. निरभ्र रात्री पान आणि फूल आकाशाकडे उष्णता टाकत हवेपेक्षाही थंड होतात, आणि पेटीत ३ अंश असताना गवतावर दव गोठलेलं असू शकतं. म्हणून अंदाजात किमान ४ किंवा त्याखाली, निरभ्र आकाश, वारा नाही आणि दवबिंदू शून्याच्या खाली, या चारही गोष्टी जुळल्या तर झाकण्याची तयारी सूर्यास्ताआधीच करा. माती दुपारीच भिजवून ठेवा. ओली, दाबलेली, उघडी माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती सोडते. वाळलेला पाला पसरलेला असेल तर त्या रात्रीपुरता बाजूला ओढा, कारण तो मातीतली ऊब वर येऊ देत नाही. झाकण जमिनीपर्यंत टेकलेलं हवं. नुसतं झाडाच्या शेंड्याभोवती गुंडाळून खोडाशी बांधलं तर मातीची ऊब आत येतच नाही. प्लास्टिक पानाला चिकटलं तर पान तिथेच गोठतं, म्हणून काठ्यांचा सांगाडा करून वर कापड टाका आणि सकाळी ऊन चढायच्या आत काढा.

वही उष्मा मोडल्यावरही आठवडाभर चालू ठेवा. आधी काढलेला दीड अंशाचा हिशेब पावसानंतरच्या ओल्या मातीला लागू पडत नाही. कमाल तापमान आता अंदाजापेक्षा खालीही येऊ शकतं. जुना फरक खोडून नव्या हवेचा नवा फरक मोजायला घ्या, आणि वरच्या कोपऱ्यात माती ओली आहे की कोरडी ते रोज लिहा.